उड्डाणापूर्वींचा पाठ

१६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली, आणि विमान ही आमच्या वऱ्हाडांत केवळ मान वर करून पाहण्याची वस्तु राहिली नाहीं. त्याच्या आदल्याच वर्षीं एअर इंडिया कंपनीनें बेलोरा येथें वैमानिकांची शाळा काढण्याचें जाहीर केलें. वर्षाकाठीं १८० वैमानिक तेथून तयार व्हावेत असा तिचा संकल्प आहे. अकोल्याची शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील. तेव्हां आमच्याकडील मुलांस विमानाचें वेड लागावें यांत आश्चर्य तें काय? हें वेड घरांत प्रथम शिरतें तें रेडिओनें चालणाऱ्या छोट्या विमानाच्या रूपानें. फोमचें किंवा बाल्सा नांवाच्या हलक्या लाकडाचें तें विमान, त्याच्या नाकावर विजेच्या मोटरीनें फिरणारा पंखा, आणि मुलाच्या हातांत दोन दांड्यांची एक पेटी. या पेटीस ट्रान्समीटर म्हणतात.

पुढें जें होतें तें बहुतेक घरांत सारखेंच. काका किंवा मामा मोठ्या हौसेनें तें विमान आणून देतात. रविवारीं सकाळीं सगळें बिऱ्हाड गांवाबाहेरच्या माळावर जमतें. विमान उडतें, वीस-पंचवीस हात चढतें, एका पंखावर कलतें, आणि मुलास उमज पडण्यापूर्वींच नाक खालीं घालून मातींत रुततें. सारा खेळ अर्ध्या मिनिटांत आटोपतो. मुलगा हिरमुसतो, वडील मंडळी पैशांचा हिशेब मांडतात, आणि "तरी तुला सांगितलं होतं" हें वाक्य घरांत आठवडाभर फिरत राहतें. वस्तुतः यांत मुलाचा दोष नसतो आणि विमानाचाही नसतो. जी विद्या हातांनीं शिकावयाची, ती हातांना शिकविण्यापूर्वींच त्यांस परीक्षेला बसविलें, एवढेंच घडलेलें असतें.

यावर एक सोपा, अल्प खर्चाचा आणि घरांतच करण्याजोगा उपाय आहे. ट्रान्समीटर संगणकास जोडून पडद्यावरील आभासी विमान आधीं पुरेसें उडवावें, आणि मग माळावर जावें. या योजनेस सिम्युलेटर म्हणतात. तो कसा जोडावा, त्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हाताची विद्या

महाभारताच्या आदिपर्वांत अर्जुनाची एक गोष्ट आहे. रात्रीं तो जेवीत असतांना वाऱ्यानें दिवा विझला; तरी त्याचा हात ताटावरून तोंडाकडे न चुकतां जात राहिला. हें सारें सवयीनें होत आहे असें ध्यानांत येतांच त्यानें अंधारांत बाण सोडण्याचा अभ्यास आरंभिला. छोट्या विमानाच्या विद्येचें सगळें मर्म या एका गोष्टींत आलें आहे. डोळ्यानें पाहावें, मनानें ठरवावें आणि मग हातास आज्ञा द्यावी, इतका अवकाश येथें मिळत नाहीं.

अडचण कोठें येते तें पाहा. विमान आपल्यापासून दूर जात असतें तोंवर त्याचा उजवा पंख आपल्या उजवीकडेच असतो, आणि दांडी उजवीकडे लोटली कीं तें उजवीकडे कलतें. परंतु तेंच विमान वळून आपल्याकडे येऊं लागलें म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. आतां दांडी उजवीकडे लोटली तर विमान आपल्या दृष्टीनें डावीकडे कलतें! नवशिक्या येथेंच फसतो. चूक सुधारावयास जातो आणि ती दुप्पट करतो. जाणते लोक यावर एक युक्ति सांगतात. विमान समोरून येत असतां जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी लोटावी. जणूं काय त्या पंखाखालीं टेकू द्यावयाचा आहे. युक्ति ऐकावयास एक क्षण पुरतो. बोटांत उतरावयास मात्र शेंकडों फेऱ्या लागतात. त्या शेंकडों फेऱ्या खऱ्या विमानावर करणें कोणत्या गृहस्थास परवडेल?

येथें कोणी म्हणेल कीं, मग मोबाइलच्या कांचेवर बोटें फिरवून किंवा संगणकाच्या कळा दाबून तोच खेळ खेळला तर काय बिघडलें? बिघडतें तें असें कीं, टेबलावर बोटें वाजवून तबल्याचे बोल पाठ होतील, पण हात बसणार नाहीं. दांडी किती दाबली, ती किती जोरानें परत येते, अंगठा कोठें टेकतो, हें सारें माळावर जें असणार तेंच घरीं असावयास हवें. म्हणून मुलाचा स्वतःचाच ट्रान्समीटर संगणकास जोडण्याचा हा खटाटोप.

खेळण्याची झालेली शाळा

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना अलीकडची नाहीं. अमेरिकेंत एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. आपल्याकडील बाजाच्या पेटीस जसा भाता असतो, तसे भाते त्या वाद्यांतही असत. विमान शिकण्याचा खर्च झेपेना, म्हणून लिंकनें हे भाते एका लहानशा लांकडी विमानाखालीं बसविले, आणि आंतील दांडी हलवितांच तें विमान जागच्या जागीं कलेल, वळेल व नाक उचलील अशी योजना केली. हें यंत्र १९२९ सालीं तयार झालें. वैमानिकांच्या शाळांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. आरंभीं तें बहुतकरून करमणुकीच्या बागांतच खपलें.

पुढें १९३४ सालीं अमेरिकेंत विमानानें टपाल नेण्याचें काम लष्करी वैमानिकांकडे सोंपविण्यांत आलें. ढगांत व रात्रीं केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव त्यांस नव्हता. थोड्याच आठवड्यांत अनेक तरुण प्राणांस मुकले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखो वैमानिकांनीं आपले पहिले धडे त्याच यंत्रांत गिरविले. आज मोठ्या प्रवासी विमानाचा वैमानिकही ठराविक काळानें सिम्युलेटरमध्यें बसून परीक्षा देतो. बागेंतील खेळणें शाळेंत गेलें, याचें कारण एवढेंच कीं, ज्या चुकीनें एरवीं प्राण जातात ती चूक तेथें निर्धास्तपणें करून पाहतां येते. आमच्या मुलांच्या छोट्या विमानासही हाच न्याय लागू आहे. तेथें प्राण नव्हे तर पैसा जातो. पण बघ्यांच्या घोळक्यांत विमान घुसलें तर इजाही होऊं शकते.

तार काय वाहून नेते

ट्रान्समीटरची प्रत्येक दांडी वर-खालीं व डावी-उजवीकडे अशी दोन प्रकारें हलते. म्हणून दोन दांड्यांतून चार हुकूम निघतात. पहिला मोटरीच्या जोराचा, दुसरा शेपटीवरील उभ्या सुकाणूचा, तिसरा शेपटीवरील आडव्या पट्टीचा, जिच्यामुळें नाक वर-खालीं होतें. आणि चौथा पंखांच्या मागील कडेस असलेल्या पट्ट्यांचा, ज्यांमुळें विमान कुशीवर कलतें. यांस अनुक्रमें थ्रॉटल, रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन म्हणतात. थ्रॉटल व रडर डाव्या हातीं असतील तर त्या रचनेस 'मोड दोन' म्हणतात, आणि आपल्याकडे बहुधा हीच असते. थ्रॉटल उजवीकडे असेल तर ती 'मोड एक'. शिकविणारा जी वापरतो तीच मुलानें घ्यावी; एकदां बसलेला हात मागाहून बदलणें कठीण जातें.

पुष्कळ ट्रान्समीटरांच्या मागील बाजूस एक लहान जोडणी असते. तिला 'ट्रेनर पोर्ट' म्हणतात. या नांवांतच तिचा इतिहास आहे. गुरु आणि शिष्य यांचे दोन ट्रान्समीटर एका तारेनें जोडावयाचे. गुरूनें एक बटण दाबून धरलें तोंवर विमान शिष्याच्या हातीं. शिष्य गोंधळला कीं गुरूनें बोट सोडावें, आणि विमान तत्क्षणीं गुरूकडे परत यावें. अध्यापनाची याहून सुंदर सोय क्वचितच पाहावयास मिळेल. याच जोडणींतून निघणारी तार संगणकाकडे वळविली कीं आपलें काम होतें.

या तारेंतून जातें तें काय? विजेच्या ठोक्यांची एक माळ. एका सेकंदांत अशा सुमारें पन्नास माळा जातात. प्रत्येक दोन ठोक्यांमधील अंतर म्हणजे एका हुकमाचें माप. दांडी मध्यावर असेल तर तें अंतर दीड सहस्रांश सेकंदाचें असतें. एका टोकास नेली तर सुमारें एक सहस्रांश, दुसऱ्या टोकास नेली तर सुमारें दोन. पहिलें अंतर पहिल्या हुकमाचें, दुसरें दुसऱ्याचें, अशा क्रमानें माळ पुरी झाली म्हणजे एक लांब विराम येतो. आवर्तनांत सम ओळखावी तसा ऐकणारा त्या विरामावरून नव्या माळेचा आरंभ ओळखतो. या पद्धतीस पीपीएम म्हणतात. तारेच्या दुसऱ्या टोकास असलेली लहानशी यूएसबी डबी हीं अंतरें मोजते आणि संगणकास दांड्यांची स्थिति कळविते. संगणक तिला जॉयस्टिक समजतो. एवढेंच यांतील रहस्य.

जोडणीचा क्रम

जोडण्याच्या रीति आज मुख्यतः तीन आहेत. जुन्या वा साध्या ट्रान्समीटरास वर वर्णिलेली तार व डबी लागते. ती कांहीं शेंकडे रुपयांत मिळते, मात्र आपल्या ट्रान्समीटरच्या पोर्टांत बसणारें टोक तिच्याबरोबर आहे याची खात्री आधींच करावी. कांहीं संचांत तारच नसते. यूएसबी डबी ट्रान्समीटरचा रेडिओ-संदेश थेट ऐकते. आणि अलीकडच्या बऱ्याच ट्रान्समीटरांस स्वतःचेंच यूएसबी पोर्ट असतें. तार लावून पडद्यावर 'जॉयस्टिक' हा पर्याय निवडला कीं झालें. या तिसऱ्या रीतींत पुष्कळांचा वेळ एका क्षुल्लक गोष्टींत जातो. मोबाइलबरोबर आलेल्या कांहीं तारा केवळ वीज नेणाऱ्या असतात. त्यांतून माहिती जात नाहीं. संगणक ट्रान्समीटरास ओळखीत नसेल तर प्रथम तार बदलून पाहावी.

काम पुढील क्रमानें करावें. प्रथम ट्रान्समीटरच्या स्मृतींत सिम्युलेटरसाठीं एक स्वतंत्र, कोरें खातें उघडावें. त्यांत कोणतेंही मिश्रण नसावें, दांड्यांजवळचीं बारीक फरकाचीं बटणें, ज्यांस ट्रिम म्हणतात, तीं मध्यावर असावींत, आणि चारही हुकमांची मजल शंभर टक्के ठेवावी. थ्रॉटल अगदीं खालीं ओढून मग तार जोडावी. कांहीं ट्रान्समीटरांत यादींतून 'विद्यार्थी' किंवा 'पीपीएम' हा पर्याय चालू करावा लागतो. त्याशिवाय तारेंतून कांहींच जात नाहीं. नंतर संगणकाच्या गेम-कंट्रोलरच्या पानावर जाऊन दांड्या हलवाव्यात आणि पडद्यावरील खुणा हलतात कीं नाहीं तें पाहावें. येथें हालचाल दिसली तर जोडणी बिनचूक आहे. पुढील दोष असला तर तो सिम्युलेटरमधील नेमणुकीचा समजावा.

सिम्युलेटरमध्यें गेल्यावर 'कॅलिब्रेशन' म्हणजे मापन करावें लागतें. दोन्ही दांड्या चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश फिरवाव्यात आणि मग मध्यावर सोडाव्यात. हुकमांचा क्रम निरनिराळे कारखानदार निरनिराळा ठेवतात, म्हणून कोणती दांडी कशासाठीं हें सिम्युलेटरला एकदां सांगावें लागतें. शेवटीं विमान जमिनीवर उभें असतां मागून पाहून तपासणी करावी. एलेरॉनची दांडी उजवीकडे नेली असतां उजव्या पंखाची पट्टी वर आली पाहिजे. एलिव्हेटरची दांडी आपल्याकडे ओढली असतां शेपटीची पट्टी वर उचलली पाहिजे. हीच तपासणी माळावर प्रत्येक उड्डाणापूर्वीं करावयाची असते, तेव्हां तिची संवय येथूनच लागावी.

आणि एक इशारा. एखादी दिशा उलटी निघाली तर ती सिम्युलेटरमध्यें सरळ करावी. खऱ्या विमानाच्या खात्यांतील दिशा कदापि उलटवूं नये. तसें केलें तर पडद्यावरचें विमान सुधारेल, पण पुढच्या रविवारीं खरें विमान उलट्या हुकमानें उडेल, आणि त्याचा शेवट काय होईल हें सांगावयास नको. स्वतंत्र खातें उघडावयाचें तें याचसाठीं.

सिम्युलेटरचे कार्यक्रम अनेक आहेत. रियलफ्लाइटसारखे विकतचे आहेत, पिकासिमसारखे फुकट मिळणारेही आहेत. आरंभास साधा कार्यक्रम पुरतो.

सरावाची शिस्त

योगसूत्रांत अभ्यासाचीं लक्षणें सांगतांना तो दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केलेला असावा असें म्हटलें आहे. रविवारीं सलग तीन तास बसण्यापेक्षां रोज वीस मिनिटें बसणें हितावह, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. वेगवान जेट घेऊन गिरक्या मारण्याचा मोह मुलास होईलच, तो आवरावा. उंच पंखाचें, संथ गतीचें शिकाऊ विमान घ्यावें. प्रथम एकाच उंचीवर मोठा चौकोन फिरणें, मग दोन्ही दिशांनीं वळणें, मग इंग्रजी आठाच्या आकृतींत उडणें, मग समोरून येणारें विमान सांवरणें, आणि शेवटीं उतरविणें, असा पाठ असावा. वर जाणें सोपें आहे. परीक्षा उतरण्यांत असते. त्यानंतर वारा सुरू करावा, आणि अधूनमधून मोटर बंद करून केवळ घरंगळत उतरण्याचा सराव करावा.

विमान पडलें कीं एक कळ दाबतांच नवें विमान उभें राहतें. हा या साधनाचा गुण आहे तसाच दोषही. पडण्याची भीति गेली कीं विचारही जातो. म्हणून प्रत्येक वेळीं विमान कां पडलें तें एका वाक्यांत वहींत लिहून मगच ती कळ दाबावी. सौम्य वाऱ्यांत लागोपाठ दहा वेळां विमान धावपट्टीवर सुखरूप उतरलें म्हणजे माळावर जाण्यास हरकत नाहीं. वऱ्हाडांत वैशाखाच्या उन्हांत बाहेर पडवत नाहीं, अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि शाळेस सुटी असते. या अभ्यासास याहून चांगला काळ कोणता?

जें पडद्यावर मिळत नाहीं

तथापि सिम्युलेटर म्हणजे सर्वस्व नव्हे. विमानाचा तोल बरोबर बसला आहे कीं नाहीं, बॅटरी पुरती भरली आहे कीं नाहीं, पंख घट्ट बसले आहेत कीं नाहींत, हें तो सांगत नाहीं. फिरता पंखा बोट कापूं शकतो, हें पडद्यावर कळत नाहीं. नांगरलेल्या काळ्या रानावरून उठणारी वावटळ, डोळ्यांवर येणारें ऊन, आणि खरें विमान हातीं असल्यामुळें होणारा बोटांचा कंप, हे धडे माळावरच मिळतात. म्हणून पहिल्या खऱ्या उड्डाणास जाणता माणूस शेजारीं हवाच.

कायद्याचीही जाणीव हवी. २५ ऑगस्ट २०२१ रोजीं लागू झालेले ड्रोन नियम अशा छोट्या विमानांसही लक्षांत घेतात. हौसेचें वा शिक्षणाचें विमान डोळ्यांस दिसेल इतक्या अंतरांतच उडवावें लागतें. मोकळ्या म्हणून ठरविलेल्या क्षेत्रांत ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. परंतु चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत ती २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीखेरीज उडवूंच नये. बेलोरा येथें प्रवासी विमानें येऊं लागल्यावर बडनेऱ्याच्या बाजूस राहणाऱ्या कुटुंबांनीं, तसेंच अकोल्यास शिवणीच्या आसपासच्या मंडळींनीं, सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय माळावर जाऊं नये. घरांतील पडद्यावर मात्र कोणत्याही गांवीं, कोणत्याही उंचीवर बंदी नाहीं!

शेतापर्यंत पोंचणारी विद्या

हें सारें खेळण्यासाठींच ना, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतील. आणि तो विचारणें त्यांचा अधिकार आहे. उत्तर आमच्याच शेतांत आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. पाठीवर पंप घेऊन पुरुषभर उंचीच्या पिकांतून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर तें औषध येणारच. आज ड्रोननें फवारणी होऊं लागली आहे. चालविणारा बांधावर उभा राहतो आणि औषध पिकावर पडतें. २०२३ सालीं केंद्र सरकारनें १५,००० महिला बचतगटांस ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. असा ड्रोन व्यवसायासाठीं चालविण्यास परवाना लागतो. त्यास वय अठरा पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असावें लागतें, आणि मान्यताप्राप्त शिक्षणक्रमांत सिम्युलेटरवरील सरावाचा समावेश असतो. फवारणीचा ड्रोन बराचसा आपला आपण तोल सांभाळतो हें खरें. पण उपग्रहाचा संदेश तुटला कीं तो चालविणाऱ्याच्या बोटांवर येतो, आणि त्या वेळीं बोटांना जें येतें तेंच उपयोगी पडतें. विमानाचें वेड असलेली मुलगी असो वा मुलगा, तीं बोटें आज घरांत तयार होऊं शकतात.

यासाठीं घरच्यांनीं एवढें करावें. संगणक कोपऱ्यांतील बंद खोलींत न ठेवतां जेथें सर्वांची ये-जा असते तेथें ठेवावा. वेळ ठरवून द्यावी आणि ती पाळली जाते कीं नाहीं तें पाहावें. सरावाची वही आजींनीं वा आजोबांनीं आठवड्यांतून एकदां मागून वाचावी, त्यांस विमानांतील कांहीं न कळलें तरी "कां पडलें?" हा प्रश्न विचारतां येतो, आणि त्याचें उत्तर देतां देतां मुलगा अर्धें शिकतो. शक्य असेल तर वडील मंडळींनींही एकदां त्या दांड्या हातीं धरून पाहाव्यात. समोरून येणारें विमान सांवरणें किती अवघड आहे हें मग कोणी सांगावयास नको, आणि नातवास आपल्या आजोबांस कांहीं शिकविण्याची जी दुर्मिळ संधि मिळेल, ती तो लवकर विसरणार नाहीं.